१९०० सालच्या दादर-माटुंग्याचं बजेट करायला बसलात तर

माझी भाची प्लॅनिंग शिकतेय. तिला असाइनमेंट आली की ब्रिटिश काळात झपाट्यानं वाढलेला शहराचा एखादा भाग घ्या आणि तिथल्या सार्वजनिक कामांचं बजेट तेव्हाच्या अधिकाऱ्याच्या जागी बसून तयार करा. तिनं फोन केला, मामा तू जन्मभर एस्टिमेटंच केलीस, सांग कुठून सुरू करू. मी म्हटलं रस्त्यापासून करू नकोस एवढं धर, बाकीचं रविवारी ये तेव्हा बोलू. रविवारी दहाला बसलो ते चारला उठलो, मधे मामीनं दोनदा चहा दिला आणि एकदा ओरडून जेवायला उठवलं. त्यातून जे निघालं ते इथं लिहितोय, कारण असलं काम करणारे बरेच असतील, कुणी अभ्यासाला, कुणी कादंबरीसाठी, कुणी गेममध्ये शहर वसवताना, आणि बहुतेक जण एकच चूक करतात, खर्चाच्या बाबींची यादी करतात, खाली बेरीज मारतात आणि त्याला बजेट म्हणतात. ते एस्टिमेट झालं. बजेटला तारखा लागतात, पैसा कधी जाणार आणि कधी येणार.

भाग आम्ही घेतला दादर-माटुंगा. कारण सोपं आहे, मी तिथं नोकरीला होतो, पाच गार्डनच्या बाकावर बसून डबा खाल्लाय, आणि त्या भागाचा इतिहास बजेटवाल्यासाठी सोन्याची खाण आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकाशिओ व्हिएगस यांना प्लेगचे रोगी सापडले, दोन वर्षांत सरकारनं कायदा करून सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, १८९८ मध्ये. काम काय तर गच्च वस्त्यांमधून हवेशीर रस्ते काढायचे आणि शहराच्या उत्तरेला मोकळ्या जमिनीवर नवी वस्ती बसवायची. ट्रस्टच्या स्कीमना नंबर असायचे, दादर-माटुंगा स्कीम पाच, सायन-माटुंगा स्कीम सहा. आज ज्याला हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, किंग्ज सर्कल म्हणतो ते सगळं यातूनच आलेलं. तेव्हा तिथं भातखाचरं, सखल जमीन, नारळीच्या वाड्या.

आधी ठरवा तुम्ही कोण आहात

हे ऐकायला विचित्र वाटतं पण पहिली पायरी हीच. तुम्ही म्युनिसिपालिटी आहात, ट्रस्ट आहात का सरकार? तिघांचे खिसे वेगळे. म्युनिसिपालिटीकडे दरवर्षी येणारा पैसा होता, जनरल टॅक्स, पाणीपट्टी, आणि मैला उचलायचा हलालखोर टॅक्स, हो, कराचं नावच ते होतं. ट्रस्टकडे कर बसवायचा अधिकार नाही, त्याच्याकडे सरकारनं आणि म्युनिसिपालिटीनं दिलेल्या जमिनी, म्युनिसिपालिटीचा वार्षिक वाटा आणि ४ टक्क्यांचे डिबेंचर, म्हणजे कर्जरोखे, काढून उभं केलेलं कर्ज. म्हणजे ट्रस्टचं बजेट घरखर्चासारखं नसतं, बिल्डरसारखं असतं, आज कर्ज काढा, जमीन घ्या, तयार करा, प्लॉट लीजवर द्या, भाड्यातून व्याज भागवा. आम्ही ट्रस्ट झालो.

पण ट्रस्ट झालात तरी म्युनिसिपालिटीला विसरू नका, कारण रस्ता पुरा झाला की तो तिच्या ताब्यात जाणार, मग झाडलोट, पाणी शिंपडणं, गॅसचे दिवे, खडी पुन्हा टाकणं हे तिच्या बजेटात. तेव्हा प्रत्येक कामापुढे दोन कॉलम करा, बांधायचा खर्च कुणाचा आणि सांभाळायचा कुणाचा. भाचीनं हा दुसरा कॉलम आधी केलाच नव्हता. मी तिला म्हटलं आजही कित्येक गावांत बाग बांधायला निधी येतो आणि माळ्याचा पगार कुणीच देत नाही, ती हसली, पण मी विनोद करत नव्हतो.

आणि मंजुरी कोण देणार हेही याच पायरीत. मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड, १८६५ ला आला, मार्केट बांधलं, रस्ते केले, गटारं केली, माणूस कामाचा होता पण पैशाला हात सैल, आणि त्याच्यावर लगाम ठेवणारं कुणी नाही. १८७१ मध्ये करदाते खवळले, सभा झाल्या, त्याला जावं लागलं आणि १८७२ चा नवा म्युनिसिपल कायदा आला, ज्यात करदात्यांनी निवडलेले सभासद आले. मार्केट आजही उभं आहे, सगळे त्याचं कौतुक करतात, पण कमिशनरची नोकरी गेली. तेव्हा कितीही चांगलं काम असो, वर्षाला किती खर्च करायचा मंजुरी आहे तो आकडा शीटच्या अगदी वर लिहा.

जमीन: इथं सगळे कमी धरतात

मुंबई बेटावर जमीन म्हणजे नुसती जमीन नाही, तिचा प्रकार बघावा लागतो. फझेंदारी, फोरस, टोका, पेन्शन अँड टॅक्स, इनाम, लीजहोल्ड, असे प्रकार. एकाच खाचराला वरचा मालक वेगळा, कसणारा वेगळा, वाडीतल्या झाडांचा हक्क तिसऱ्याचा असं असू शकतं, आणि प्रत्येकाला भरपाई. म्हणून नकाशा घेऊन आधी सर्व्हे नंबरवार तक्ता करा, त्यात मालक एक नाही तर हक्कदार किती हे लिहा.

१८९४ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभाव आणि वर १५ टक्के, जमीन सक्तीनं घेतली म्हणून. हे १५ टक्के नवखा माणूस हमखास विसरतो. दुसरी गंमत भाव कुठल्या तारखेचा यात आहे. मूळ कायद्यात पहिली नोटीस निघायची, मग नंतर संपादनाचं डिक्लरेशन, आणि भाव धरायचा डिक्लरेशनच्या तारखेचा. म्हणजे नोटीस लागल्याबरोबर सगळ्यांना कळलं की इथं ट्रस्ट येतोय, आणि मधल्या काळात भाव चढला तर तो चढलेला भाव ट्रस्टनंच द्यायचा, स्वतःच्या स्कीममुळे वाढलेला! १९२३ मध्ये दुरुस्ती होऊन तारीख पहिल्या नोटिशीवर आणली. तुमचं बजेट १९२३ च्या आधीचं असेल तर जमिनीच्या आकड्यावर वेगळी वाढ धरा, आणि कोर्टकचेरीचा खर्च व वेळ वेगळा. वेळ जास्त महत्त्वाचा. नोटिशीतून ताबा मिळेपर्यंत तुमचं कर्ज उचललेलं असेल तर व्याज चालू झालेलं असतं.

आतापासून आम्ही एक नमुना घेऊन हिशोब केला, तो देतो. आकडे आम्ही धरलेले आहेत, तेव्हाचे खरे दर नाहीत, पद्धत समजावी म्हणून. ४० एकर जमीन. एकराचे ४८४० चौरस वार, म्हणजे १,९३,६०० वार. भाव २ रुपये वार धरला, ३,८७,२०० रुपये, त्यावर १५ टक्के ५८,०८०, एकूण ४,४५,२८० रुपये. भाची म्हणाली एवढंच? मी म्हटलं थांब जरा.

भराव: ज्याचा फोटो कुणी काढत नाही

माझ्या मते अशा भागाच्या बजेटचा जीव इथं आहे म्हणून जरा सावकाश जातो. माटुंग्याची जमीन सखल, मुंबईत पावसाळ्यात ७० इंचांच्या वर पाऊस, आणि भरतीच्या वेळी गटाराचं पाणी समुद्र घेत नाही. तेव्हा जमीन उचलल्याशिवाय काहीच करता येत नाही. आधी लेव्हल घ्या, नंतर घराचा जोता, रस्त्याचा माथा आणि गटाराचा तळ या तीन पातळ्या ठरवा, यांतली गटाराची पातळी सगळ्यात आधी, कारण गटार उतारानंच जाणार, बाकीच्यांना त्याच्या वर बसायचंय.

मोजणी ब्रासमध्ये करायची, १०० घनफूट म्हणजे १ ब्रास, आजही साइटवर मुरूम-खडी ब्रासमध्येच येते. एक रस्ता घ्या, ४० फूट रुंद, १००० फूट लांब, ३ फूट भराव. ४० गुणिले १००० गुणिले ३, एक लाख वीस हजार घनफूट, १२०० ब्रास. झालं? नाही. भरावाच्या कडा उभ्या राहत नाहीत, उतार द्यावा लागतो, उंचीच्या दीडपट धरला तर दोन्ही बाजू मिळून आणखी १३५ ब्रास. झालं? अजून नाही, मुरूम टाकल्यावर खचतो, दोन पावसाळे गेले की लेव्हल पुन्हा घेऊन बघा, म्हणून वरती १५ टक्के. १२०० चे १५३५ झाले आणि अजून खडी पसरलेली नाही.

आता हे आणणार कोण तर बैलगाडी. गाडीत १५ घनफूट मावतात असं धरलं तर पहिल्या १२०० ब्रासलाच ८००० खेपा. २० गाड्या, गाडीमागे दिवसाला ५ खेपा, म्हणजे ८० दिवस, एका रस्त्याला. पावसाळ्याचे चार महिने मातीकाम बंद, सण-सुट्ट्या गेल्या, वर्षात हाती २०० दिवस लागले तर नशीब, आणि प्लेग येऊन मजूर गावाला पळाले तर तेवढेही नाहीत. हा दिवसांचा हिशोब बजेटात का? कारण पहिल्या वर्षी तुम्ही कितीही पैसे मागितलेत तरी एवढ्या गाड्यांतून खर्च होण्यासारखे तेवढेच आहेत, बाकीचे ३१ मार्चला शिल्लक दिसतील आणि पुढल्या वर्षी कमिटी म्हणेल गेल्या वर्षीचेच संपले नाहीत. मी नोकरीत मार्च एंडला काय काय बघितलंय ते लिहीत नाही.

पूर्ण ४० एकरांवर सरासरी ३ फूट धरलं तर ५२,२७२ ब्रास, खचण्याचे १५ टक्के मिळवून ६०,११३. ब्रासला ३ रुपये धरले तर १,८०,३३९ रुपये. खाण लांब असेल तर हा दर पटकन दुप्पट होतो, म्हणून दर धरताना मुरमाचा नाही, वाहतुकीचा विचार करायचा, मुरूम फुकट असला तरी गाडी फुकट नसते.

गटार, पाणी, मग रस्ता

क्रम हाच. मी एका छोट्या गावाच्या नगरपालिकेच्या कामावर होतो तेव्हा मार्चमध्ये सिमेंटचा रस्ता केला आणि मे महिन्यात ड्रेनेजची मंजुरी आली म्हणून तोच रस्ता मधोमध फोडला, दोन्ही कामांची बिलं व्यवस्थित निघाली. नव्या वस्तीत हे टाळणं सोपं असतं कारण रस्त्याखाली अजून काही नाहीये, तरीही लोक टाळत नाहीत.

गटाराच्या बाबतीत एक बघायचं, तुमच्या हद्दीतलं गटार जोडणार कुठं. मुंबईचा मैला वरळीच्या लव्ह ग्रोव्ह पंपिंग स्टेशनकडे जायचा. तुमच्या वस्तीची भर पडल्यावर पुढचं मोठं गटार आणि पंप पुरतात का हे विचारा, नाहीतर तुमच्या बजेटात नसलेला खर्च म्युनिसिपालिटीच्या गळ्यात पडतो आणि ती तुमची जोडणी अडवून धरते. पाण्याचं तसंच. विहार १८६० चं, तुळशी १८७९ चं, तानसा १८९२ चं. धरण तयार आहे म्हणून पाणी तयार आहे असं नसतं, मुख्य नळापासून तुमच्या गल्लीपर्यंतचा नळ तुमचा.

आणि नळ बिडाचे, विलायतेहून येणारे. इथं हुंडणावळीचा, म्हणजे रुपया-पौंड बदलायचा दर घुसतो. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला रुपया जवळपास २ शिलिंगांचा होता (१२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड), मग चांदी पडत गेली आणि तो १८९० च्या दशकात १ शिलिंग २ पेन्सच्या आसपास खाली आला, शतकाच्या शेवटी सरकारनं १ शिलिंग ४ पेन्सवर बांधला, म्हणजे पौंडाला १५ रुपये. आता १० पौंड टनाचा नळ घ्या, १६ पेन्सच्या रुपयात १५० रुपये, १४ पेन्सच्या रुपयात १७१ रुपये ७ आणे (१६ आण्यांचा रुपया). नळ तोच, जहाज तेच, टनामागे साडेएकवीस रुपये हवेत. म्हणून बजेटात विलायती मालाची बाब देशी मालात मिसळायची नाही, वेगळी दाखवायची आणि शेजारी धरलेला दर लिहायचा. पुढं १९१४ च्या लढाईत बिडाचे भाव कुठं गेले आणि जहाजंच मिळेनात हे वेगळंच, त्यावर उपाय असा काही नाही, काम थांबतं एवढंच.

रस्त्यावर मी फार लिहीत नाही, सगळ्यांना तेच आवडतं आणि सगळे तेच आधी करतात. काळ्या दगडाची हातानं फोडलेली खडी, बहुतेक ती फोडायला बायकाच, वर मुरूम, पाणी, रोलर. मुख्य रस्ता रुंद ठेवा कारण ट्राम येणार आहे, मुंबईत घोड्याची ट्राम १८७४ पासून, विजेची १९०७ पासून, आणि पुढे ती किंग्ज सर्कलपर्यंत आलीच. व्हिन्सेंट रोड, म्हणजे आताचा डॉ. आंबेडकर रोड, रुंद काढला म्हणून आज तिथं उड्डाणपूल सुद्धा मावतो, खालचे लोक काय म्हणतात ते जाऊ दे.

रस्ते, गटारं, पाणी मिळून आम्ही अडीच लाख धरले. मग मोजणीवाले, ओव्हरसियर, कारकून, त्यांची ऑफिसं याला कामाच्या १० टक्के, ४३,०३४. आकस्मिक खर्च ५ टक्के, २१,५१७. जमिनीसकट एकूण ९,४०,१७० रुपये.

आता प्लॉटचा भाव काढा आणि दचका

४० एकरांत विकायला काय उरतं? रस्ते ३० टक्के, बागा-मैदानं १०, शाळा-बाजार ५, उरले ५५ टक्के, १,०६,४८० वार. भागा. वाराला ८ रुपये १३ आणे. २ रुपयाला घेतलेली जमीन पावणेनवाला पडली, अजून व्याज धरलेलं नाही. भाचीनं कॅल्क्युलेटर पुन्हा दाबला, उत्तर तेच.

इथं मोह होतो की बागा कमी करूया. मी सांगेन नका करू, निव्वळ हिशोबासाठी सांगतोय. पाच गार्डनच्या भोवतीचा प्लॉट आणि दोन गल्ल्या आतला प्लॉट यांना एकच भाव येत नाही, बाग कमी केलीत तर विकायचे वार वाढतात पण वाराचा दर पडतो. दोन्ही बाजू मांडून बघा, नुसती एक नको. शिवाय गिऱ्हाईक कोण हे बघा, मंचेरजी जोशी हे ट्रस्टमधलेच इंजिनिअर, त्यांनी ट्रस्टच्या मागे लागून १०३ प्लॉट पारशी मध्यमवर्गीयांसाठी राखून घेतले, त्यातून पारशी कॉलनी झाली. एका समाजाचं गिऱ्हाईक एकगठ्ठा मिळालं म्हणजे प्लॉट पडून राहायची धास्ती कमी, बजेटवाल्याला हे हवंच असतं, मग त्यावर बाकी वाद घाला.

आता व्याज. ४ टक्क्यांनी, पैसा गुंतल्यापासून प्लॉट लागेपर्यंत सरासरी ६ वर्षं, चक्रवाढीनं धरा कारण व्याज भरायलाही कर्जच काढताय. ८ रुपये १३ आण्यांचे ११ रुपये ३ आणे होतात. १२ वर्षं लागली तर १४ रुपये २ आणे. मुरूम महागला, मजुरी वाढली, सगळं मिळून जेवढा फरक पडला नसता तेवढा नुसता वाट बघण्यानं पडला. आणि प्रत्यक्षात काय झालं, स्कीम शतकाच्या सुरुवातीची, आणि दादर-माटुंगा खऱ्या अर्थानं घरांनी भरला १९२० आणि ३० च्या दशकांत.

व्याजाचा दर सुद्धा तोच राहत नाही. लढाईनंतर १९२० मध्ये सरकारनं डेव्हलपमेंटसाठी कर्ज काढलं ते साडेसहा टक्क्यांनी. आमच्या नमुन्यात ६ वर्षांना साडेसहा लावले तर १२ रुपये १४ आणे.

लीजचं भाडं काढायचं तर जमिनीच्या किमतीवर टक्का लावतात. ११ रुपये ३ आण्यांवर साडेचार टक्के म्हणजे वर्षाला वाराला ८ आणे. चारावर कर्ज आणि साडेचारावर भाडं, मधल्या अर्ध्यात कर्जफेडीचा निधी बसला पाहिजे. ४ टक्के दरानं १० लाखांचं कर्ज ६० वर्षांत फेडायला वर्षाला साधारण ४,२०० रुपये बाजूला टाकावे लागतात, ३० वर्षांत फेडायला १७,८००. अर्ध्या टक्क्याचे १० लाखांवर ५,००० होतात. म्हणजे ६० वर्षांच्या कर्जात हे जमतं, ३० च्या कर्जात मार खाल. मुदत आधी ठरवा, भाडं नंतर.

आणि लीज किती वर्षांची? ट्रस्टनं ९९ वर्षांच्या दिल्या, पुढे ९९९ वर्षांच्या सुद्धा. ठरलेलं भाडं, ९९९ वर्षं! तेव्हाच्या कारकुनाला वाटलं असेल की पक्कं उत्पन्न मिळालं, त्याला बिचाऱ्याला काय माहीत ८ आण्यांचं पुढं काय होणार. आज महापालिकेच्या जुन्या लीजची भाडी ऐकली की लोक हसतात. तुमच्या बजेटात दर काही वर्षांनी भाडं फेरविचाराला येईल एवढी एक ओळ घाला, तेव्हाच्या माणसाला ती सुचायला हरकत नव्हती. दुसरी वाट १९१५ च्या मुंबई टाउन प्लॅनिंग कायद्यानं काढली, जमीन सगळी घेऊच नका, मालकांचे तुकडे एकत्र करून नीट प्लॉट पाडून त्यांनाच परत द्या आणि स्कीममुळे वाढलेल्या किमतीतला निम्म्यापर्यंत वाटा मागा. बांद्र्याकडे अशा स्कीम झाल्या. जमिनीचे सव्वाचार-साडेचार लाख एकदम उचलायला लागत नाहीत हा केवढा फायदा! माझं मत विचाराल तर १९१५ नंतरचं बजेट करणाऱ्यानं आधी हीच वाट बघावी.

माणसं किती येणार

ही पायरी खरं तर आधी यायला हवी होती पण आम्ही ती जेवणानंतर केली. १८९१ ची मुंबई ८,२१,७६४. १९०१ ची ७,७६,००६. घटली! तुम्ही १९०१ मध्ये खुर्चीवर असाल तर समोरची कमिटी विचारणार, शहर आटतंय आणि तुम्ही नवी वस्ती कसली बसवताय. पण त्या आकड्यात प्लेगचे मृत्यू होते आणि गावी पळालेले लोकही होते, १९११ ला आकडा ९,७९,४४५ झाला आणि १९२१ ला ११,७५,९१४. म्हणून एका खानेसुमारीवरून, म्हणजे जनगणनेवरून, रेघ ओढायची नाही, गिरण्या किती वाढल्या, गोदीत काम किती, घरभाडं चढतंय का, हे सोबत बघायचं. घरभाडं सगळ्यात खरं बोलतं.

आणि येणारे लोक कुठले हेही. गल्ल्या पाडून ट्रस्टनं ज्यांना उठवलं ते गरीब, आणि माटुंग्यात प्लॉट घेऊन घर बांधणारे नोकरदार, ही दोन वेगळी माणसं आहेत. पाडलं जास्त आणि राहायला दिलं कमी हा ट्रस्टवरचा कायमचा आरोप होता आणि मला तो बरोबर वाटतो. बजेटात उठवलेल्यांच्या चाळींची ओळ नसेल तर ती माणसं शेजारच्या गल्लीत कोंबली जातात आणि पाच वर्षांनी तीच गल्ली पाडायची नवी स्कीम तुमच्याच टेबलावर येते. पण चाळींचाही हिशोब नीट हवा. १९२० च्या डेव्हलपमेंट खात्यानं कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायच्या ठरवल्या, त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीवर रुपया कर बसवला, आणि शेवटी उभ्या राहिल्या २०७ चाळी, वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी. भाडं कामगाराला जड, वरळी तेव्हा लांब, बऱ्याच खोल्या सुरुवातीला रिकाम्याच. ज्यांच्यासाठी बांधतोय त्यांना परवडेल ते भाडं आधी काढा आणि तिथून उलटं खोलीच्या खर्चाकडे या, खर्चाकडून भाड्याकडे नाही.

त्याच खात्याचं बॅकबेचं, म्हणजे दक्षिण मुंबईतल्या समुद्राच्या खाडीत भर घालायचं काम हा तर वेगळाच धडा. ड्रेजर, म्हणजे समुद्रातला गाळ उपसणारं यंत्र, अमुक इतका चिखल रोज उपसेल असं धरून एस्टिमेट केलं, ड्रेजरनं तेवढा उपसला नाही, वेळ वाढला, खर्च वाढला, के. एफ. नरिमन यांनी सगळं चव्हाट्यावर आणलं, १९२६ ला चौकशी बसली. म्हणून मशीनचा असो का बैलगाडीचा, रोजचा वेग कागदावर धरू नका, आठवडाभर उभं राहून मोजा. आमच्या ५ खेपा पण मी माझ्या अनुभवानं धरल्यात, ट्रॅक्टरच्या, बैलाच्या नाहीत, हे भाचीनं मला पकडलं आणि ४ केल्या, ८० चे १०० दिवस झाले.

शेवटी शीट कशी दिसली ते सांगतो. आडव्या रांगेत वर्षं, उभ्या रांगेत कामं या क्रमानं: मोजणी, जमीन, मुख्य गटार, भराव, नळ, रस्त्याची पहिली खडी, दोन पावसाळे रिकामे, मग वरची खडी, दिवे, बाग. त्याखाली उत्पन्न, म्युनिसिपालिटीचा वाटा, रिकाम्या प्लॉटवर गवत कापायचा मक्ता, झावळ्या-नारळाचा मक्ता, मग लीजची भाडी. गवताचा मक्ता मी मुद्दाम घालायला लावला, भराव होईपर्यंत जमीन काहीतरी देऊ शकते. सगळ्यात खाली व्याजाची ओळ, लाल रंगात, दरवर्षी फुगत जाणारी. प्लॉट लागायला उशीर झाला तर काय हा तक्ता तिनं १२ वर्षांवर थांबवला होता. मी १८ पर्यंत ओढायला लावला. वाराला १७ रुपये १४ आणे आले, मूळ खर्चाच्या दुप्पट, आणि ती म्हणाली मामा, मग ही स्कीम आपण करायची का नाही? चार वाजले होते, तिची ट्रेन होती, प्रश्न तसाच शीटच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहून ती गेली.